दिवंगत मास्तर

"दिवंगत मास्तरांकडे पँट आखूड करायला टाकलीय," असं आमच्या गावात कुणी म्हणालं की पाहुणे दचकतात. गावकऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. मास्तर म्हणजे टेलरमास्तर, माझे सख्खे काका. आणि दिवंगत अशासाठी, की चौकातल्या स्मारकाच्या दगडावर लढाईत गेलेल्या त्रेचाळीस जणांची नावं आहेत, त्यात सतरावं नाव त्यांचं होतं. दगडावर नाव कोरलेलं आणि त्याच दगडासमोरच्या दुकानात माणूस खटाखटा मशीन चालवतोय. एवढं आयतं मिळाल्यावर गाव थोडंच सोडणार!

थंडीच्या तोंडावर स्मृतिदिन येतो. आमच्याकडे त्या दिवसाची एक रीत आहे. शाळेच्या मोठ्या बाई एकेक नाव वाचतात. नाव वाचलं की त्या घरातलं एक माणूस खुर्चीतून उठतं आणि उभंच राहतं. बोलायचं काही नाही, रडायचंही शक्यतो नाही. त्रेचाळिसावं नाव होईपर्यंत पुढच्या चारही रांगा उभ्या झालेल्या असतात, आणि मग दोन मिनिटं सगळं गाव गप्प. खुर्चीवर बसण्याआधी एका वहीत सही करावी लागते. त्या वहीत "नातं" असा रकाना आहे. पूर्वी त्यात "आई", "बायको" असायचं. आता "भाचा", "नात", "शेजारी" असतं. काका दर वर्षी त्या रकान्यात लिहायचे, "स्वतः".

आणि सतरावं नाव आलं की स्वतःच उठून उभे राहायचे. मागे नवखे कुणी असतील तर खुसखुस व्हायची. काका मान वळवायचे नाहीत. मला लहानपणी या प्रकाराची भयंकर लाज वाटायची. मोठी झाल्यावर वाटायचं, हौस आहे म्हाताऱ्याची, करू दे.

काका नाकावर माशी बसू न देणारे, पण गिऱ्हाइकाच्या बाबतीत मेणाहून मऊ. कुणाचं पोट सुटलं तर कधी बोलून दाखवलं नाही. "कापड आटलंय हो तुमचं, हल्ली मिलवाले लबाडी करतात," म्हणायचे आणि गुपचूप बाजूची शिवण सैल करून द्यायचे. अख्ख्या गावाचं वजन वाढलं ते मिलवाल्यांच्या खात्यावर. माणसांची नावं मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत. "तो नाही का, उजवा पाय पाऊण इंच लांब असलेला?" असं विचारायचे, आणि आम्ही पाहत बसायचो की आता हा कोण. माझ्या शाळेच्या पहिल्या फ्रॉकची उंची चोवीस इंच होती. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी "चोवीस". माझं लग्न झालं, केस पिकायला लागले, तरी दुकानाच्या दारात उभी राहिले की चष्म्यावरून बघून म्हणायचे, "ये चोवीस, बस."

दुकानात एक काचेचं कपाट होतं. तयार झालेला कपडा त्यात टांगायचा, खांद्याला टाचणीनं चिठ्ठी लावायची, चिठ्ठीवर "तयार" आणि गिऱ्हाइकाचं नाव. नाव ऐन वेळी, कपडा नेताना विचारून लिहायचे, कारण लक्षातच राहायचं नाही. वर्षभर कुणी न्यायला आलं नाही तर तो कपडा गरजूला देऊन टाकायचे. एक फौजी कोट मात्र माझ्या आठवणीपासून त्या कपाटात होता. जाड, मातकट रंगाचा. त्यावरही "तयार" अशी चिठ्ठी, पुढे नाव नाही. आम्ही धरून चाललो होतो की तो काकांचाच. लढाईची आठवण म्हणून ठेवला असेल.

लढाईची गोष्ट आमच्या घरात सांगितली जायची ती काकूच्या तोंडून, आणि हसण्यासाठी. काका फौजेत शिंपी होते. ठाण्यावर हल्ला झाला, काका गेल्याचा कागद घरी आला, दगडावर नाव चढलं. काकूनं वर्षभर दुकान चालवलं. चौदा महिन्यांनी कैदी सुटले, त्यांत हे होते. दार वाजलं, काकूनं उघडलं, समोर हाडांचा सापळा. "आणि मी काय म्हणावं?" काकू पदर तोंडाला लावून हसायची. "मी म्हणाले, पाय पुसून या!" यापुढचं ती सांगत नसे. पुढचं मला आईनं सांगितलं. पाय पुसून या म्हणाली आणि तिथेच दाराच्या चौकटीला धरून खाली बसली, ती चौकट सोडेना. काका पायपुसण्यावर उभे, ती उंबऱ्यावर बसलेली.

दगडावरचं नाव खोडायचं ठरलं, तर काकाच नको म्हणाले. "कापड असतं तर उसवलं असतं. दगडाला कुठे टीप असते? राहू द्या." गावाला ते आवडलं. माणूस दिलदार आहे, गमत्या आहे, असं सगळ्यांना वाटलं. मलाही चाळीस वर्षं तेच वाटत होतं.

मी नगरपालिकेत जन्म-मृत्यू विभागात होते. माझ्या सहीशिवाय या गावात कुणाला धड मरता येत नसे. एका हिवाळ्यात मालट्रक मागे घेताना ड्रायव्हरनं स्मारकाला धडक दिली आणि दगड उभा चिरला. नवा दगड बसवायचं ठरलं. नावांची यादी तपासायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं, आणि त्याबरोबर वरून एक नियम आला: हयात व्यक्तीचं नाव स्मारकावर असता कामा नये. साहेबांनी सतराव्या क्रमांकावर बोट ठेवलं. साहेब तसा सज्जन माणूस, पण कागदाबाहेर पाऊल टाकायचं म्हणजे त्यांना घाम फुटायचा.

"हे तुमचे काका ना?"

"हो."

"परवा माझी पँट त्यांनीच दिली. यांना कमी करा."

मला त्यात काही गैर दिसलं नाही. उलट बरं वाटलं. एवढ्या वर्षांचा घोळ निस्तरायला घरचीच मुलगी मिळाली. संध्याकाळी उड्या मारतच दुकानात गेले.

"काका, पेढे द्या. तुम्हाला जिवंत करतेय!"

काका काज करत होते. मी नियम सांगितला, यादी दाखवली. त्यांची सुई बोटात गेली. पन्नास वर्षं सुई धरलेला माणूस. त्यांनी बोट तोंडात धरलं.

"नको करूस," ते म्हणाले.

"नको काय? अहो, तुम्ही हयात आहात. इथे बसलाय समोर!"

"मी आहे गं. पण तिथे मी नाहीये."

"म्हणजे?"

"ते नाव माझं आहे. माणूस दुसरा आहे."

मी चिडले. दिवसभर कारकुनी करून आल्यावर कोडी कुणाला हवीत? "नीट सांगा, नाहीतर मी चालले," म्हणाले. काकांनी बोटाला चिंधी गुंडाळली, उठले, कपाट उघडलं आणि तो मातकट कोट काढून माझ्यासमोर कटिंगच्या टेबलावर पसरला.

हल्ला झाला त्या दिवशी सकाळी ठाण्यावर तीस नवी पोरं आली होती. त्यातल्या एकाला मिळालेला कोट एवढा ढगळ, की बोटं बाहीच्या आत. बंदुकीचा घोडा सापडेना. सुभेदारानं त्याला शिंप्याकडे पाठवलं. काकांनी माप घेतलं. काखेत फीत लागली तसा पोरगा हसायलाच लागला, थांबेना. म्हणाला, "मला गुदगुल्या होतात. माझं माप कधी कुणी घेतलंच नाही. घरी थोरल्याचे उतरलेले घालतो." त्याचा डावा खांदा अर्धा इंच खाली होता. काकांनी विचारलं, तर म्हणाला, लहानपणापासून त्या खांद्यावरून पाणी वाहतो.

"तेवढ्यात त्याला पुढच्या चौकीवर जायचा हुकूम आला," काका म्हणाले. "बाहेर बर्फ. कोट माझ्याकडे उसवलेला. मी माझा काढून दिला. म्हटलं, हा घालून जा, संध्याकाळी तुझा घेऊन जा. माझा त्याला जरा सैल झाला, पण बोटं बाहेर राहिली."

"मग?"

"मी वेंधळा. ओळखपत्र हरवायचो सारखं. दोनदा शिक्षा झाली. म्हणून अस्तरात चोरखिसा करून ते आत शिवूनच टाकलं होतं. असं सफाईदार शिवलं होतं, चोवीस, की देताना माझ्याच लक्षात आलं नाही."

दुपारी चौकी उडाली. तासाभरात ठाणंही पडलं आणि काका पकडले गेले. पुढे आपल्या लोकांनी चौकी परत घेतली तेव्हा त्या पोराचा चेहरा ओळखण्यासारखा उरला नव्हता. कोटाच्या अस्तरात ओळखपत्र सापडलं. काकांच्या नावानं त्याला पुरलं, आणि काकांच्या नावानं तो आमच्या चौकातल्या दगडावर चढला.

"मी त्याच्या अंगावर माझं नाव शिवून त्याला पाठवला गं," काका म्हणाले. "त्याचं त्याला राहिलं नाही."

"पण त्याचं नाव? विचारलं नाहीत?"

"शिंप्याला नाव कशाला लागतं? माप लागतं. नाव संध्याकाळी चिठ्ठीवर लिहिणार होतो."

मी त्या चिठ्ठीकडे पाहिलं. "तयार", आणि पुढे कोरी जागा. एवढी वर्षं त्या कपाटासमोर बसून मी चहा प्यायले होते.

सुटून आल्यावर काकांनी फौजेत सगळं सांगितलं होतं. पण नव्या पोरांची यादी ठाण्याबरोबर जळाली होती. पुढे दीड वर्षानं एवढंच कळलं की त्या तीसपैकी अकरा जणांचा पत्ता लागलेला नाही. काकांनी अकराही घरांचे पत्ते मिळवले आणि अकरा पत्रं लिहिली: तुमच्या मुलाचा डावा खांदा थोडा खाली होता का? सात उत्तरं आली. ती त्यांनी मला बटणांच्या डब्यातून काढून दाखवली. एका आईनं लिहिलं होतं, तो फार हसरा होता. एका वडिलांनी, त्याला गणित चांगलं यायचं. कुणी भुवईवरची खूण सांगितली होती, कुणी आवाज. खांद्याबद्दल एकालाही सांगता आलं नव्हतं. एकीनं तर उलट विचारलं होतं, तुमच्याकडे त्याचं माप असेल तर कळवाल का?

"आईबापांना कुठलं ठाऊक असणार?" काका म्हणाले. "पोरगं डोळ्यांसमोर वाढत असतं. खांदे बघतं कोण?"

"आणि हा कोट?"

"हल्ल्याचा भोंगा झाला तेव्हा शेवटचं बटण लावत होतो. तोच अंगावर घालून कैदेत गेलो. मला घट्ट होता, बटणं लागायची नाहीत. उसवून सैल करता आला असता. पण गिऱ्हाइकाचा होता."

मी रडले. लपवण्यासारखं त्यात काही नाही. काकांनी मला खडूचा हात लागलेलाच रुमाल दिला आणि मी घरी पांढऱ्या नाकानं गेले.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "वाईट झालं. पण नाव ठेवता येणार नाही, बाई. तुमच्या काकांचं नाव खोटं पडतं तिथे. हवं तर 'अज्ञात सैनिक' घालू. ते नियमात बसतं." मला ते पटलं. संध्याकाळी काकांना तसं सांगितलं. माझी समजूत, की म्हातारा खूश होईल.

काकांनी मशीन थांबवलं. त्यांना एवढं संतापलेलं मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"अज्ञात? कोण अज्ञात? ज्याला कुणीच ओळखत नाही तो अज्ञात! याचं मी माप घेतलंय. छाती चौतीस, बाही साडेबावीस, डावा खांदा अर्धा इंच खाली. काखेत गुदगुल्या होतात. अज्ञात म्हणे! त्या तुझ्या साहेबाला सांग, त्याच्यापेक्षा मी याला जास्त ओळखतो, आणि साहेबाची कंबर मी तीन वेळा वाढवलीय!"

काकू आतून धावत आली. मी मात्र उठून सरळ घरी गेले आणि यादी नव्यानं लिहायला बसले. सतराव्या क्रमांकावर, नावाच्या रकान्यात, काका म्हणाले तसंच लिहिलं. गुदगुल्या तेवढ्या वगळल्या.

सकाळी यादी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि उभी राहिले. त्यांनी वाचत वाचत सतरावर बोट आणलं. मग बराच वेळ बोट पुढे सरकेना.

"खांदा खाली का?" त्यांनी विचारलं.

"पाणी वाहायचा, साहेब. लहानपणापासून."

साहेबांनी नियमाचा कागद काढला, दोनदा वाचला. "हयात व्यक्तीचं नाव नको, असं आहे," ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले. "ही व्यक्ती हयात नाही. आणि हे नावही नाही." मग त्यांनी सही केली. कागदाबाहेर पाऊल न टाकता तो माणूस त्या दिवशी केवढा लांब चालून गेला! पुन्हा कधी मी त्यांची टवाळी केली नाही. कंबरेचंही बोलले नाही.

पाथरवटानं यादी बघून डोकं खाजवलं. "बाई, हे हुतात्मे आहेत की कपड्यांची ऑर्डर?" त्यालाही सगळं सांगावं लागलं. मग त्यानं छिन्नी उचलली आणि ती ओळ आधी कोरली, बाकीची नंतर. काका रोज दुपारी जाऊन त्याच्या डोक्यावर उभे राहायचे. एकदा गळ्यातली फीत काढून अक्षरं मोजायला लागले, तेव्हा तो वैतागून म्हणाला, "मास्तर, इथे अल्टर होत नाही, जरा शांत बसा!" काका शांत बसले. ही एकच वेळ.

स्मृतिदिनाला काकांनी कोटाला ब्रश केला, इस्त्री केली आणि घडी घालून हातावर घेतला. मी त्यांच्याबरोबर होते. वहीपाशी आलो. त्यांनी पेन घेतलं. "नातं" या रकान्यापाशी थांबले. इतकी वर्षं तिथे "स्वतः" लिहिलेलं, आता काय? मागे रांग खोळंबली होती. मी हळूच म्हणाले, "मित्र लिहा." त्यांनी मान हलवली. मित्र कसला, पाऊण तासाची ओळख. शेवटी त्यांनी लिहिलं, "शिंपी".

मोठ्या बाईंनी नावं वाचायला सुरुवात केली. खुर्च्या एकेक करून करकरत होत्या. सोळावं नाव झालं. बाईंना आधी सांगून ठेवलं होतं, तरी त्यांनी एकदा कागदाकडे नीट पाहिलं आणि मग इतर नावं वाचतात त्याच आवाजात वाचलं:

"छाती चौतीस. बाही साडेबावीस. डावा खांदा अर्धा इंच खाली."

काका उठले. कोट दोन्ही हातांवर धरलेला. मागे कुणी खुसखुसलं नाही. इतकंच नाही, मला दिसलं, की बसलेल्या लोकांतल्या कितीतरी जणांचा हात नकळत आपापल्या डाव्या खांद्यावर गेला होता.

काकांना जाऊन आता तीन वर्षं झाली. झोपेत गेले, गळ्यात फीत तशीच. दाखल्यावर सही माझीच. गंमत अशी, की ते खरोखर गेल्यापासून गावात त्यांना कुणी दिवंगत म्हणत नाही. नुसतं "मास्तर" म्हणतात.

सतराव्या ओळीला आता मी उभी राहते. वहीत "शिंप्याची पुतणी" असं लिहिते. कोट हातावर असतो. तो जड आहे, त्रेचाळिसावं नाव होईतो हात भरून येतो. गेल्या वर्षी माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक नवी सून होती, पहिल्यांदाच आलेली. दोन मिनिटं संपल्यावर तिनं कोटावरची चिठ्ठी वाचली आणि हळूच विचारलं, "मावशी, हा तुमचा कोण?"

"आमच्या काकांचं गिऱ्हाईक," मी म्हणाले. "कोट तयार आहे. तो न्यायला यायचा राहिलाय."